अर्ध्यावर थांबलेल्या कॅसेटी

३ मे, शनिवार

एक पेटी! एवढं घर, आणि त्यातून बरोबर न्यायची एक पेटी. लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा मी शहाण्यासारखा "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर मागच्या खोलीत गेलो, भिंतींकडे बघितलं आणि खालीच बसलो.

तिचं चुकत नाही. तिच्या घरात मला खोली मिळणार आहे, गोदाम नाही. ही गेल्यापासून ती मागे लागली होती — बाबा, एकटे राहू नका. वर्षभर टोलवलं. आता गुडघे तिच्या पक्षात गेले, मग माझं काय चालणार. पंधरवड्याने न्यायला येतेय.

कपडे-भांड्यांचं काही वाटत नाही. अडचण या खोलीचीच. एका भिंतीला हिची पुस्तकं. समोरच्या भिंतीला माझं दुकान — म्हणजे व्हिडिओ लायब्ररी बंद झाली तेव्हा ज्यांना कोणी वाली उरला नाही, त्या सगळ्या कॅसेटी. नवरा-बायको समोरासमोर उभे राहून भांडतायत असंच वाटतं.

४ मे, रविवार

पुस्तकांना हात घातला. धूळ इतकी की शिंकून शिंकून बरगड्या दुखल्या.

हिच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने 'संपलं', आणि खाली तारीख. पुस्तक रटाळ निघालं तरी सोडायची नाही. ताटात टाकायचं नाही तसं पुस्तकातही टाकायचं नाही, हा हिचा कायदा. एका उशीएवढ्या कादंबरीच्या शेवटी 'संपलं' खोडून लिहिलंय — 'सुटले'. एकटाच किती वेळ हसत बसलो.

विणकामाचं एक पुस्तक निघालं, आत समोरच्या वहिनींचं नाव. हे हरवलं म्हणून वहिनींनी केवढा गोंधळ घातला होता! आणि ही त्यांच्या घरी जाऊन कपाटं शोधू लागली होती. काय म्हणावं या बाईला.

६ मे, मंगळवार

वाचनालयाचा टेम्पो येऊन पुस्तकं घेऊन गेला. 'सुटले' मी ठेवून घेतलं. बाकीची जाताना जिन्यात उभा होतो. वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं.

विणकामाचं पुस्तक वहिनींना परत केलं. त्या म्हणाल्या, आता डोळे कुठे राहिलेत विणायला. मग हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. मी चहा न घेताच परतलो.

७ मे, बुधवार

आता माझी भिंत.

कॅसेटीचा वास अजून तोच — प्लॅस्टिक, थोडा गंज, थोडं कुबट. डोळे मिटले की दुकान उभं राहतं. शनिवारची संध्याकाळ, काउंटरवर ही झुंबड, नव्या सिनेमाची एकच कॅसेट आणि ती आपल्यालाच मिळणार अशी प्रत्येकाची खात्री. कोण कोणाच्या आधी आलं यावरून सख्खे शेजारी महिनाभर बोलायचे नाहीत. सुट्टीत लोक कॅसेटी व्हीसीआर मशीन आणि टीव्हीसकट भाड्याने न्यायचे. एका खोलीत अख्खी गल्ली कोंबलेली, चित्र हललं की सगळे एकदम ओरडणार — ट्रॅकिंग! मग कोणीतरी जाणता उठून बटण फिरवणार, आणि तेवढ्यापुरता तो सगळ्यांचा पुढारी.

आणि माझी पाटी. दुकानात शिरलं की समोरच: 'रिवाइंड करूनच परत करा.' कॅसेट परत आली की आधी तिची खिडकी बघायचो. फीत पुढे गेलेली दिसली की गिऱ्हाइकाचा उद्धार. गल्लीतली पोरं मला 'रिवाइंडकाका' म्हणायची. पुढे त्यांची लग्नं झाली, तरी म्हणायची.

गंमत म्हणजे एवढे सिनेमे घरात, पण आम्ही दोघांनी शेजारी बसून एक धड बघितला नाही. लोकांची बघायची वेळ तीच माझी दुकानाची वेळ. ही म्हणायची, हलवायाच्या घरी गोडाची बोंब.

८ मे, गुरुवार

रद्दीवाल्याला बोलावलं. कॅसेटी बघून त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, काका, हे आता भंगारातही कोणी विचारत नाही. शेवटी ओळखीखातर रोज एकेक पोतं न्यायला तयार झाला.

द्यायचं म्हणजे नीट द्यायचं. माळ्यावरून रिवाइंडर काढला — तो लाल मोटारीच्या आकाराचा, हिच्या भाषेत 'तुमचं खेळणं'. अजून चालतो! खिडकी बघत न बसता एकेक कॅसेट घालायची, मोटारीचं टप लावायचं, घर्रर्र, खट्, की पोत्यात. दुकानातून कधी अर्धवट कॅसेट गेली नाही, घरातूनही जाणार नाही. कोणी बघणार नाही हे कळतं. पण हात ऐकत नाहीत.

९ मे, शुक्रवार

दोन पोती गेली. हात काळे. झोप छान लागली.

१० मे, शनिवार

काय करून बसलो!

रिवाइंडर तापून बंद पडला. तो गार व्हायची वाट बघत होतो, हातात एक कॅसेट होती. सहज खिडकीतून बघितलं. दोन्ही चकत्यांवर सारखीच फीत. बरोबर अर्ध्यावर.

नेहमीप्रमाणे मनात शिवी आली — कुठल्या गिऱ्हाइकाने अशी परत केली? आणि मग डोक्यात उजेड पडला. गिऱ्हाईक कुठलं! दुकान बंद केलं त्या आठवड्यात मी स्वतः बसून शेवटची कॅसेटसुद्धा रिवाइंड केली होती. त्यानंतर त्यांना हात लावला असेल तर तो हिनेच.

दुकान बुडल्यावर मी सिनेमा बघणं सोडलं. टीव्हीवर लागला तरी उठून जायचो. औषधांच्या दुकानात काउंटरवर नोकरी धरली, सकाळी जायचो, दिवेलागणीला यायचो. ही दुपारी काहीतरी लावते हे मला ठाऊक होतं, कव्हरं इकडची तिकडे झालेली दिसायची. पण त्या विषयावर आम्ही बोललो नाही. मी निवृत्त होऊन घरी बसलो आणि मशीनवर कापड पडलं, ते पडलंच.

म्हणजे प्रत्येक कॅसेट हिने सोडली त्या जागी उभी होती. हिचा हात जिथे थांबला ती जागा. आणि मी दोन दिवस बसून त्या सगळ्या जागा पुसल्या — तन्मयतेने! जे पोत्यात गेलं ते गेलं. रद्दीवाल्याला फोन केला, त्याने कालच पुढे पोचवलं होतं.

समोर बसवून कोणीतरी मला चार शब्द सुनावायला हवे होते. ती सुनावणारीच नाही.

११ मे, रविवार

आज काही केलं नाही.

१२ मे, सोमवार

फक्त खालचा कप्पा उरलाय, जेमतेम डझनभर. एकेकीची खिडकी बघितली. एक पाऊण, एक अर्धी, दोन अगदी शेवटाला आलेल्या. पूर्ण बघितलेली एकही नाही.

एकही नाही!

ज्या बाईने उशीएवढी कादंबरी दात-ओठ खाऊन संपवली, तिला माझ्या दुकानातला एक सिनेमा शेवटपर्यंत बघवला नाही? कळेना. मशीन लावून बघावं म्हणून कापड काढलं, तर आत कॅसेट जाईना.

१३ मे, मंगळवार

हेडमास्तर आला. म्हणजे मशीन दुरुस्त करणारा आमचा जुना मित्र. काहीही बिघडलं तरी "हेड साफ करावं लागेल" म्हणतो, म्हणून हे नाव. आला, झाकण उघडलं आणि म्हणाला, हेड साफ करावं लागेल. आम्ही दोघेही म्हातारे खूप हसलो.

पट्टा बदलला, स्पिरिटने हेड पुसलं. मशीन चालू झालं. पडद्यावर आधी ते पावसासारखे ठिपके आले, आणि मला भरून आलं. निघताना म्हणाला, आपली सद्दी होती रे तेव्हा. होती खरी.

१४ मे, बुधवार

हिने जिथे सोडलं तिथून चार-पाच कॅसेटी लावून बघितल्या. दोन-दोन मिनिटं फक्त. पुढचं मला पाठच आहे.

आधी वाटलं, रडण्याचे प्रसंग आले की बंद करत असेल. पण एक तर विनोदी सिनेमा — नोकर मालकाचे कपडे घालून मिरवतोय, तिथेच बंद. दुसऱ्यात वाक्य अर्धवट. नायिका म्हणते, "मला तुम्हाला एक सांगायचंय —" आणि तिथेच! कंटाळून उठणारा माणूससुद्धा ते ऐकून उठेल की. एकात खुनी कोण हे पुढच्या मिनिटाला कळणार होतं. कुठेच काही मेळ नाही.

मेळ नाही म्हणजे एकच अर्थ. मन लागत नव्हतं. लावायची, बघितल्यासारखं करायची, उठायची.

१५ मे, गुरुवार

सकाळपासून तेच डोक्यात. इतकी वर्षं मी त्या दुकानात घातली. दिवाळं वाजलं तेव्हा हिने हातातल्या बांगड्या काढून दिल्या, तक्रारीचा एक शब्द नाही. मी समजत होतो, हिलाही त्या दुकानाची माझ्याएवढीच माया होती. नसेल. नवऱ्याचं खूळ म्हणून सांभाळलं असेल. बायका असं पुष्कळ काही सांभाळतात.

राग नाही. वाईट वाटतंय, ते खोटं कशाला लिहू.

१६ मे, शुक्रवार

पेटी भरली. हिची शाल, 'सुटले', औषधं, चष्मे. खालच्या कप्प्यातल्या कॅसेटींना जागा होती. नाही घेतल्या. हिला नको होत्या, मग मी कोणासाठी नेऊ? पोत्यात भरून दाराशी ठेवल्या. रिवाइंड न करताच. रद्दीवाला उद्या दुपारी येईल.

१७ मे, शनिवार

लेक आली. दाराशी पोतं दिसलं, तिने त्याचं तोंड सोडून आत बघितलं आणि तिथेच उभी राहिली. मी म्हणालो, राहू दे, तुझ्या आईला त्यातली एकही शेवटपर्यंत बघवली नाही.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कामावरून आलात, फाटक वाजलं की आई मशीन बंद करायची. तुम्हाला दुकान आठवायला नको म्हणून. मी कॉलेजातून येऊन शेजारी बसलेली असायचे. म्हणायचे, उद्या पुढचं लाव. तर म्हणायची, नको, शेवट त्यांच्याबरोबर बघायचेत. मन निवळलं की आपण होऊन बसतील."

रद्दीवाल्याला परत पाठवलं. आजची गाडी सोडली. मशीन जोडलंय, लेक पोत्यातून कॅसेटी काढून देतेय. आमचे एवढेच शेवट उरलेत.