चौदावं घर

१८ फेब्रु., बुध.

बीपी १४०/८८. पोह्यांत मीठ दोनदा पडलं. खाल्ले.

आजपासून लेंट, ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस. संध्याकाळी चर्चला गेलो. उपासना संपल्यावर दारातच याद्या वाटल्या. ईस्टरपर्यंत रोज संध्याकाळी सातला कोणाच्या घरी प्रार्थनासभा, त्याची यादी. रविवार आणि शेवटचा आठवडा सोडून तेहेतीस घरं. आमचं चौदावं, कायमचं. शैलानेच तो नंबर धरून ठेवला होता, कारण तोवर द्राक्षं गोड होतात आणि सभेनंतर चहाऐवजी द्राक्षं ठेवता येतात.

चौदावर बोट ठेवलं. दुसऱ्याच बाईंचं नाव. वर पाहिलं, खाली पाहिलं, शेवटून परत वाचली. नाही.

यादी पहिल्यापासून बायकांच्या नावाने निघते, 'सौ. अमुक यांचे घरी'. शैला ऑगस्टात गेली, तिचं नाव काढलं, ते बरोबरच. पण नावाबरोबर घरही गेलं? मी कुठे राहतो मग? रोज सकाळी झाडतो कोण, कुलूप लावतो कोण?

यादी घडी करून खिशात घातली. प्रार्थना काय मागून घ्यायची असते?

१९ फेब्रु., गुरु.

पहिली सभा. गेलो नाही. गुडघा.

(गुडघा बरा आहे.)

२१ फेब्रु., शनि.

साडेसात ही आमची वाचनाची वेळ. शै. एक अध्याय मोठ्याने वाचायची, मग प्रार्थना करायची, मी आमेन म्हणायचो. (इथून पुढे शै. एवढंच लिहितो. पूर्ण नाव लिहिताना हात अडतो.) लग्नापासून हीच वाटणी. माझा जन्म एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात गेला, कंट्रोल रूममध्ये तासातासाला रीडिंग लिहायची, बोलायचं कोणाशी? देवाशी बोलायचं काम तिच्याकडे.

आज तिचं बायबल उघडलं. लाल दोरा होता तिथेच आहे, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, जिथे पानंच्या पानं नुसती नावं. याचा मुलगा तो, त्याचा मुलगा तो. मी म्हणायचो, सोड ना ही यादी, पुढचं वाच. ती म्हणायची, "सोडायला ते काय तांदळातले खडे आहेत? कोणाच्या तरी घरची माणसं आहेत ती." आणि अडखळत का होईना, एकेक नाव पूर्ण करायची. हॉस्पिटलला जायच्या आदल्या संध्याकाळी अध्याय अर्ध्यावर आला आणि दमली. म्हणाली, उद्या.

दोरा हलवला नाही. मिटून ठेवलं.

२२ फेब्रु., रवि.

चर्च. आमच्या बाकावर शै.च्या जागी कोणाची तरी पर्स आणि पाण्याची बाटली. सबंध उपासना पर्सशेजारी बसून केली. गाणी म्हटली. गाण्याचे शब्द पुस्तकात असतात, त्यामुळे अडत नाही.

पाळकसाहेब नवीन आहेत, तरुण आहेत. दारात माझा हात धरून म्हणाले, "कसे आहात काका?" मी तोंड उघडेपर्यंत मागच्याचा हात त्यांच्या हातात. त्यांचा दोष नाही, रांग मोठी होती.

मनीषाचा पुण्याहून फोन. "पप्पा, सभांना जाता ना?"

"जातो की."

त्यानंतर संध्याकाळी दूधवाला आला तेव्हाच बोललो. घसा बसल्यासारखा आवाज निघाला. दूधवाला म्हणाला, सर्दी झाली का.

२६ फेब्रु., गुरु.

लेकीशी खोटं बोललो ते डाचत होतं, म्हणून आज सभेला गेलो. आणि शेवटी साखळी प्रार्थना निघाली. साखळीचं मला पहिल्यापासून भय. एकाने संपवलं की शेजारच्याने सुरू करायचं, सगळ्यांचे डोळे मिटलेले, मधून उठताही येत नाही. शै. शेजारी बसायची आणि माझा नंबर आला की 'आम्ही दोघं तुझे आभार मानतो' म्हणून दोघांचं उरकायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज माझा नंबर आला आणि नुसता पंख्याचा आवाज. मिनिटभर तरी गेलं असेल. सगळ्यांना वाटलं मी रडतोय. रडतही नव्हतो. तोंडात काही नव्हतंच. 'हे प्रभू' एवढं तरी म्हणायचं! तेही नाही. शेवटी पलीकडच्या बाई खाकरल्या आणि 'आमच्या या दुःखी भावासाठी' म्हणून त्यांनी सुरू केलं.

द्राक्षं होती. न घेता निघालो.

२ मार्च, सोम.

सकाळी मंदाताई मेथी देऊन गेल्या. आमच्या मागचा भाजीचा मळा त्यांचा. आमच्या फाटकाला कडी आहे पण त्यांच्यासाठी नाही. त्या रस्त्यावरूनच हाक मारतात, अख्ख्या गल्लीला कळतं मेथी आली. ख्रिस्ती नाहीत, पण शै.ला दर भाजीमागे काहीतरी देवाला सांगायला लावायच्या. गाय, जावई, टोमॅटोवरचा रोग.

आज म्हणाल्या, "काका, पूनमला आठवा लागला. डॉक्टर म्हणत्यात प्रेशर लय वाढलंय, जपा. ताई असत्या तर त्यांनाच सांगितलं असतं. आता तुम्ही सांगा देवाला."

पूनम त्यांची सून. मी म्हटलं, "मला तसं येत नाही हो."

"येत नाय म्हंजे? ताई नाय, पण देव तर जागेवर हाय ना?"

"सांगतो," म्हटलं.

सांगितलं नाही. खुर्चीत बसलो, डोळे मिटले, शै.ची सुरुवात आठवून पाहिली. तिचे शब्द तिच्याच आवाजात येतात, माझ्या तोंडी बसत नाहीत. मेथी केली. बरी झाली.

६ मार्च, शुक्र.

आज चौदावं घर. दुसऱ्यांकडे.

सवयीने गाडीवरून तीन किलो द्राक्षं घेऊन आलो. घरी येऊन पिशवीत बघतो तर तीन किलो! एकट्या माणसाला. सात वाजता टेबलाशी बसून खाल्ली, किती खाणार? उरलेली मंदाताईंकडे देऊन आलो. पूनम बाजेवर बसली होती, पाय सुजलेले. म्हणाली, "काका, तुम्ही सांगता ना माझ्यासाठी, आई म्हणल्या." मी मान हलवली. हो की नाही, कशीही समजावी अशी.

१० मार्च, मंगळ.

सुनंदाबाईंचा फोन, महिला मंडळाच्या सेक्रेटरी. रडवेल्या झालेल्या. "काका, माझीच चूक. मागच्या वर्षीच्या यादीतून काकूंचं नाव काढलं आणि खालची नावं वर ओढली. तुम्ही आहात हे सुचलंच नाही हो मला." चोवीस तारखेच्या बाई गावाला चालल्यात, तो दिवस रिकामा. "तुमच्याकडे ठेवू ना? फक्त सुरुवातीची प्रार्थना घरच्यांनी करायची, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत आहे. तीन आठवडे ज्या फोनची वाट पाहिली तो आला, आणि मी म्हणालो, "चोवीसला मी पुण्याला, मनीषाकडे."

"अरेरे. मग सॅम्युएलभाऊंकडे घेते, तुमच्याच गल्लीत."

लेंटमध्ये खोटं. तेही प्रार्थना चुकवायला. इतके दिवस यादीवर फणफणत होतो. आता यादीने दार उघडलं तर मी आतून कडी लावली. शै.ला काय सांगू?

१५ मार्च, रवि.

चर्चला गेलो नाही. ऊन वाढलंय. गच्चीवरून एकलहऱ्याचं धुराडं बघत बसलो.

२४ मार्च, मंगळ.

आज मी पुण्यात. म्हणजे घरातच, सहालाच दार लावून, दिवे बंद करून. सॅम्युएलचं घर इथून तिसरं. चोराच्या मनात चांदणं, तसा पंख्याचा आवाज बाहेर जाईल म्हणून पंखाही बंद. सातला हार्मोनियम आणि ढोलकी सुरू झाली. सगळी गाणी ओळखीची. मी अंधारात घाम पुसतोय आणि ओठ आपले आपण हलतायत. इतकं एकटं मला ऑगस्टातही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान लोक येत होते.

साडेसातला रस्त्यावरून हाक. "काका! ओ काका! हायेत का? लाईट गेली का तुमची?"

खुर्ची वाजू नये म्हणून हललो नाही.

"काका, पूनमला नेलं हो दवाखान्यात!"

दार उघडलं. मंदाताई अनवाणी. पूनमला झटका आला, शुद्ध नाही, तिच्या नवऱ्याने, विलासने, रिक्षात घातलं आणि नेलं. नववाही लागलेला नाही. "मला रिक्षात जागा नव्हती. काका, तुम्ही सांगत होता ना रोज?"

"नाही," म्हटलं. "एकदाही नाही."

मग ओट्यावर बसल्या, पदर डोक्यावर घेतला. "मग आता सांगा."

उभा राहिलो. 'पूनम,' म्हटलं. मग 'प्रभू, पूनम. मंदाताईंची सून. विलासची बायको. तिच्या पोटातलं बाळ.' पुढे काही येईना, म्हणून शै. वाचायची तशी एकेक नाव पुन्हा घेतलं, सावकाश, न गाळता. मग आमेन.

"झालं?"

"झालं."

"ताई लय वेळ सांगायच्या."

"हो."

त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "नावं तर बरोबर घेतली."

दिवा लावून त्यांना पाणी दिलं. तेवढ्यात सभा सुटली. फाटकासमोरून सुनंदाबाई गेल्या. थांबल्या, मला पाहिलं आणि पुढे निघाल्या.

२६ मार्च, गुरु.

पूनमला मुलगी. पूनम शुद्धीवर आली. मुलगी अगदी एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलीय, डॉक्टर अजून भरवसा देत नाहीत.

सुनंदाबाईंकडे आपणहून गेलो. "मी घरीच होतो," म्हटलं.

"दिसलं काका."

"मला मोठ्याने प्रार्थना येत नाही. म्हणून."

"मग तसं सांगायचं ना! मी केली असती."

"माझ्या घरची मी करीन. कुठला दिवस आहे?"

त्यांनी यादी काढली. सगळी भरलेली, पुढचा आठवडा चर्चमध्येच उपासना. उरतो एक शनिवार, शुभ शुक्रवार आणि ईस्टरच्या मधला. "त्या दिवशी कोणी सभा ठेवत नाही काका. सगळे कबरस्तानात, कबरी धुवायच्या, चुना लावायचा. संध्याकाळी अंग मोडलेलं असतं. माणसं येतील असं नाही सांगता येत."

"लिहा."

"कोणाच्या नावाने?"

दोघांच्या, म्हटलं. मग त्यांनी तळाशी हाताने लिहिलं: ३४. शैला व प्रभाकर यांचे घरी.

मनीषाला फोन करून सगळं खरं सांगितलं. आधी रडली, मग हसायला लागली. "पंखासुद्धा बंद, पप्पा?"

२९ मार्च, रवि.

झावळ्यांचा रविवार. पर्स आजही शै.च्या जागी. पर्सवाल्या बाईंना म्हटलं, इथे माझी मिसेस बसायची. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "मी बसू का?" बसा म्हटलं.

बाळ तसंच.

४ एप्रिल, शनि.

सकाळी कबरस्तान. शै.ची कबर अजून कच्ची. माती सारखी केली, कडेच्या विटांना चुना दिला. उद्या पहाटेची उपासना तिथेच. सगळी मंडळी होती, हातात बादल्या, झाडू. सॅम्युएलने पलीकडून विचारलं, "काका, संध्याकाळी आहे ना तुमच्याकडे?" आहे म्हटलं. येतो म्हणाला नाही.

आता पावणेसात. सतरंजी घातली, खुर्च्या मांडल्या. द्राक्षं धुऊन ठेवली, शेवटची आहेत, सालं जाड झालीत. लिहीत बसलोय कारण दुसरं काही मांडायचं उरलं नाही.

मंदाताई दवाखान्यातच आहेत, दुपारपासून. जाताना रस्त्यावरून सांगून गेल्या, काल बाळ चमच्याने दूध प्यायलं, आज पुन्हा श्वासाला त्रास. "नाव घ्या काका तिचं." पण बारसं झालेलं नाही, नावच नाही. मग काय म्हणू? शै.ला विचारलं असतं. 'पूनमची मुलगी' म्हणेन. त्या पुस्तकातही पुष्कळ जण नुसते कोणाचे तरी कोणीतरी आहेत, आणि शै. त्यांनाही सोडत नव्हती.

तिचा राहिलेला अर्धा अध्याय आज मी वाचणार. दोरा पुढे सरकेल. सरकवावासा वाटत नाही, तरी.

सात. कोणी नाही.

सात पाच. कोणी आलं नाही तर एकट्याने वाचायचं का? वाचायचं. मोठ्याने.

सात दहा. फाटकाची कडी वाजली. मंदाताई कडी वाजवत नाहीत.