सोमाचं लाल कार्ड

४ जानेवारी, शनिवार

नवीन वर्ष, नवीन डायरी (कंपनीची, कव्हरवर बेअरिंगचं चित्र). खाजगी. कोणी वाचू नये, विशेषतः सुवर्णाने.

आजपासून पालकांचं ट्रेनिंग सुरू. सोमा चार वर्षांचा झाला. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही. डॉक्टरांनी ऑटिझम लिहून दिलंय. बारा शनिवार आईबाप दोघांनी सेंटरवर जायचं, शिकायचं आणि घरी येऊन करायचं. अंबडच्या कंपनीला शनिवारी सुट्टीच असते, त्यामुळे मला निमित्त सांगता आलं नाही.

शिकवणाऱ्या मॅडम निलोफर. वयाने लहान वाटतात. ओळख करून द्या म्हणाल्या. उभा राहून दिली. जीवन, कंपनीत डिस्पॅचला, पण खरी ओळख सूत्रसंचालक. लग्न, बारसं, गणपती, हळदीकुंकवातले पैठणीचे खेळ. सिडको ते पाथर्डी फाटा माझ्याशिवाय माईक चालू होत नाही. दोन विनोदही सांगितले. मॅडम म्हणाल्या, छान, आता बाकीच्यांनाही वेळ देऊ. पण तोवर वेळ संपला. शेजारी बसलेल्या मुस्तकीमभाईंना (मुलगी खुशनुमा, सोमाएवढीच) नुसतं नाव सांगता आलं. मॅडमनी वेळेचं नियोजन सुधारायला हवं.

संकल्प: बाप आख्ख्या गावात माईकवर बोलतो, त्याचा पोरगा गप्प राहणार म्हणजे काय! बारा शनिवारांत सोमाला बोलतं करणार.

६ जानेवारी, सोमवार

ऑफिसात विचारलं, शनिवारी फोन उचलला नाहीस, कुठे होतास. सांगितलं, वक्तृत्वाचे क्लास घेतो. तसं खोटं नाही. तिथे सगळ्यात जास्त मीच बोलतो.

सोमाबद्दल ऑफिसात काही सांगितलेलं नाही. लाज वगैरे अजिबात नाही. लोकांना उगाच कशाला टेन्शन.

११ जानेवारी, शनिवार

आजचा विषय: कमी बोला. ‘सोमा राजा, तुला पाणी पाहिजे का रे’ असं नाही. नुसतं ‘पाणी’. मग गप्प बसायचं. त्याला वेळ द्यायचा.

ज्यांना मुळात बोलता येत नाही अशा पालकांसाठी हे ठीक आहे. मॅडमना तसं सविस्तर समजावून सांगितलं. चहाची सुट्टी त्यातच गेली.

मी बोलायला लागलो की सोमा कानांवर हात ठेवतो. थंडी आहे. कानटोपी आणणे.

१५ जानेवारी, बुधवार

कानटोपी आणली. तरी हात कानांवरच. सुवर्णा म्हणाली, अहो, फक्त तुम्ही बोललात की ठेवतो. मी म्हणालो, मी खिडकीपाशी बसतो, वारंही तिकडूनच येतं.

दुसरी शक्यता: आवाज नीट पोचत नसावा. कार्यक्रमाचा छोटा ब्लूटूथ स्पीकर घरातच आहे.

संध्याकाळी: स्पीकर सुवर्णाने माळ्यावर टाकला. सोमा पलंगाखाली. प्रयोग अर्धवट राहिल्यामुळे निष्कर्ष नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आज कार्डं मिळाली. प्रत्येकावर चित्र: पाणी, बिस्कीट, झोका, आई, बाबा. भिंतीवर वेल्क्रोची पट्टी लावायची, त्यावर सगळी चिकटवायची. मुलाला जे हवं त्याचं कार्ड त्याने काढून आपल्या हातात द्यायचं. आपण त्याचा हात धरायचा नाही, सांगायचं नाही. त्याचं त्याने आलं पाहिजे.

नियम एकच. कार्ड दिलं की ती गोष्ट लगेच द्यायची. कौतुक नंतर, फोटो नंतर. आपण मागितलं की समोरचा ऐकतो, हे त्याला कळलं पाहिजे. मॅडमनी हे दोनदा सांगितलं. शेंबड्या पोरालाही जमेल.

‘बाबा’ कार्डासाठी फोटो दिला. फेटा आणि माईकवाला. सुवर्णा म्हणाली, घरातला साधा द्या. साध्या फोटोत मी कोणासारखाही दिसतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सोमाने कार्ड दिलं! बिस्कीट! स्वतःहून!

सुवर्णाला. मी कामावर होतो. घरी असतो तर मलाच दिलं असतं.

सुवर्णा फोनवर रडत होती. मी ट्रकच्या आडोशाला जाऊन डोळे पुसले. अंबडला धूळ फार.

९ फेब्रुवारी, रविवार

सुवर्णाला रोज मिळतायत. पाणी, बिस्कीट, झोका. शेजारच्या तानुबाईंनासुद्धा झोक्याचं एक दिलं. मला नाही.

याचं कारण वेळ. संकल्प: उद्यापासून रोज अर्धा तास सोमासोबत फरशीवर बसणार. मोबाईल लांब.

१० फेब्रुवारी: साखरपुड्याचा कार्यक्रम.
११ फेब्रुवारी: ओव्हरटाइम.
१२ फेब्रुवारी: गुडघा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

होमवर्क होतं: मुलासोबत पाच मिनिटं खेळतानाचा व्हिडिओ. प्रश्न नको, सूचना नको, तो करेल ते आपण करायचं. माझा व्हिडिओ मॅडमनी सगळ्यांना दाखवला. मी आधीच सांगून ठेवलं, आवाज क्लिअर आहे, लक्ष द्या.

‘सोमा, हे काय आहे? गाडी! कसली गाडी? ट्रक! ट्रकमध्ये काय भरलंय? लासलगावचा कांदा!’ असं चाललं होतं. मॅडम म्हणाल्या, जीवनदादा, यात सोमा कुठाय? बघितलं तर खरंच नव्हता. सुरुवातीलाच उठून गेला होता. पुढचा सगळा वेळ मी एकटाच प्लॅस्टिकच्या ट्रकशी बोलत होतो.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मान खाली घालून बसलो.

मोबाईलचा अँगल चुकला. स्टँड आणणे.

१ मार्च, शनिवार

नवीन कार्ड. लाल रंग, उघडा पंजा, खाली शब्द: ‘पुरे’. मॅडम म्हणाल्या, नको म्हणायची सोय नसली की मूल चावतं, डोकं आपटतं. सोमा स्वतःचं मनगट चावतो. तिथे काळी खूण पडली आहे.

मी विरोध नोंदवला. घराच्या भिंतीवर निगेटिव्ह शब्द नको. सुवर्णाने घरी आल्या आल्या लावलं.

८ मार्च, शनिवार

‘पुरे’ सोमाला लगेच जमलं. दूध: पुरे. केस विंचरणं: पुरे. तानुबाई पापी घ्यायला आल्या: पुरे. आणि सगळे थांबतात. मनगटाची खूण पुसट होत आली आहे.

मला एकदाही ‘पुरे’ दिलेलं नाही. अर्थ उघड आहे. माझा त्याला कंटाळा येत नाही.

सुवर्णा म्हणाली, तुम्ही सुरू झालात की तो गॅलरीत पळतो, कार्ड द्यायला जवळ थांबेल कशाला. ती हल्ली दमलेली असते.

२२ तारखेला समारोप. सूत्रसंचालन कोण करणार, असं मॅडम विचारणार होत्या बहुतेक. मी आधीच हो म्हणून टाकलं.

१९ मार्च, रंगपंचमी

फरशीवरचा अर्धा तास आज नक्की ठरला होता. पण दोन ठिकाणची रंगपंचमी. आयोजक सोडतच नाहीत.

मागची पानं चाळली. ‘उद्यापासून’ हा शब्द फारच वेळा आलाय. पेन बदलायला हवं.

२१ मार्च, शुक्रवार

भाषण तयार. ‘एका बापाचा प्रवास’. सुवर्णाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यात मी कुठे आहे? म्हटलं, शेवटी आभारात.

मॅडमचा फोन: हॉल लहान आहे, मुलं असणार, माईक नको. सांगितलं, माईकशिवाय माझा घसा बसतो. अखेर छोट्या स्पीकरवर तडजोड झाली, म्हणजे मी केली. माळ्यावरून काढला.

२२ मार्च, शनिवार, संध्याकाळ

ऐतिहासिक दिवस! सोमाने मला कार्ड दिलं. मला! सगळ्यांसमोर!

भाषण रंगात आलं होतं. सोमा दुसऱ्या रांगेत सुवर्णाच्या मांडीवर. तो खाली उतरला, सुवर्णाच्या पिशवीतल्या कार्डांमधून एक काढलं आणि सरळ माझ्याकडे चालत आला. कोणी सांगितलं नाही, कोणी ढकललं नाही. एक हात कानावर, दुसऱ्या हातात कार्ड. ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. सोमा कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. माझ्याकडे बघितलं.

कार्ड उंच धरलं आणि माईकवर सांगितलं, मंडळी, माझ्या मुलाने मला आयुष्यातलं पहिलं कार्ड दिलंय, होऊन जाऊ द्या जोरदार टाळ्या! झाल्या. म्हटलं, आवाज पोचला नाही. आणखी झाल्या. मग उरलेलं भाषण पूर्ण केलं. त्या भरात बरंच नवीनही सुचलं.

कार्ड लाल होतं. पण कोणतं दिलं हे महत्त्वाचं नाही, दिलं हे महत्त्वाचं.

सोमा मध्येच टेबलाखाली शिरला आणि रडायला लागला. मनगटही चावलं. गर्दीची सवय नाही. निलोफर मॅडम येऊन स्पीकरपाशी काहीतरी करून गेल्या, तेवढ्यात तो बंद पडला. बॅटरी संपली असणार. सुवर्णा रिक्षात एक शब्द बोलली नाही. तिला भरून आलं असेल.

कार्ड धरलेला फोटो स्टेटसला टाकला.

२३ मार्च, रविवार

फोटोला तुफान लाइक. चुलतभाऊ हिरामण सहकुटुंब पेढे घेऊन आला. सोमाला सगळ्यांनी आळीपाळीने उचललं, गाल ओढले, बोल की रे, काका म्हण, असं चाललं होतं. सोमा सुटून सुटून भिंतीवरच्या पट्टीपाशी जात होता आणि लाल कार्डाच्या रिकाम्या जागेवर बोट घासत उभा राहत होता. त्याला खरखरीत गोष्टी आवडतात. मॅडमना सांगणे. मग परत मनगट चावायला लागला, रक्त आलं.

‘पुरे’ कार्ड सापडत नाहीये. सुवर्णाने पलंगाखाली बघितलं, पिशव्या उलट्या केल्या. काल तुमच्याच हातात होतं ना, म्हणाली. म्हणालो, काल माझ्या हातात सगळा कार्यक्रम होता. या घरात वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्तच नाही.

मुस्तकीमभाईंचा फोन आला. मुबारक हो, म्हणाले. ते काल गावाला गेले होते, फोटो आज बघितला. विचारलं, भाई, फोटोत नीट दिसत नाही, कार्डावर होतं काय? सांगितलं, पुरे. ते म्हणाले, फिर तुम्ही थांबले ना?

रेंज नव्हती. फोन ठेवला.

२४ मार्च, सोमवार

कार्यक्रमाचं जाकीट ड्रायक्लीनला द्यायला काढलं. आतल्या खिशात भाषणाचे कागद. कागदांच्या मध्ये लाल कार्ड.

परवापासून माझ्याकडेच होतं.

काल लोक गाल ओढत होते आणि पोरगं रिकाम्या जागेवर ते शोधत होतं. मी लिहिलं, खरखरीत आवडतं. वर सुवर्णाला शिस्त शिकवली.

बारा शनिवार मला एकच हवं होतं, सोमाने माझ्याकडे काहीतरी मागावं. त्याने मागितलं. कान दुखत असताना, ज्या आवाजापासून पळतो त्याच आवाजाच्या जवळ येऊन मागितलं. मी थांबावं, एवढंच. मी टाळ्या मागितल्या. आणि घरी येताना ते कार्डही खिशात घालून आणलं, म्हणजे दुसऱ्या कोणाला म्हणायचीही सोय ठेवली नाही.

लाज वाटते. फार वाटते. ऑफिसात सोमाचं नाव काढायची इतके दिवस लाजच वाटत होती, टेन्शन वगैरे काही नव्हतं, तेही इथे लिहून ठेवतो. आजची लाज माझी आहे.

सुवर्णाला सांगितलं. ओरडेल असं वाटलं, ओरडली असती तर बोलायला काहीतरी मिळालं असतं. तिने सोमाच्या मनगटाला लावायचं मलम माझ्या हातात दिलं आणि कुकर लावायला गेली.

कार्ड पट्टीवर लावलं. सोमा दारातून बघत होता. मी फरशीवर बसलो. बोललो नाही. सुचत पुष्कळ होतं.

बऱ्याच वेळाने तो आला. कानांवर हात नव्हते. त्याने लाल कार्ड काढलं. मला वाटलं, देतोय. मी हात पुढे केला.

त्याने ते स्वतःच्या चड्डीच्या खिशात घातलं, खिशावर तळहात दाबून धरला आणि आत आईकडे गेला.