जुन्या मीटरचं सील

गुरुवार, ५ ऑक्टोबर २००६

पहिली आली शेजारची क्लेमेंटीन. मीटरवाल्यांच्याही आधी, कुंपणापासूनच बोलत — "गो जयवंती, तुझ्याकडे येतात आता! आमचा काळा मीटर काढला नि पांढरा लावला. बॅप्टिस्ट त्यांच्याशी भांडला, मग त्यांनाच चहा पाजला." बॅप्टिस्ट तिचा नवरा. आधी भांडण, मग चहा, हे त्याचं ठरलेलं. आमच्या केळीच्या बांधावरून भांडला तेव्हाही तसंच.

मग ते दोघं आले. वायरमन काशीराम, आणि साहेब म्हणून चक्क एक बाई — दिपिका मॅडम. पँट घालून शिडी धरून उभी. मला फार बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

काशीराम म्हणाला, "आजी, जुन्याचा आकडा तुम्ही वाचायचा. घरच्या माणसाने बघितल्याशिवाय मीटर काढायचा नाही, नियम आहे." मी स्टुलावर चढले, चष्मा लावला, वाचला. चौथी शिकलेय, आकडे सुटतात होय? मॅडमने लिहून घेतला, खाली माझी सही. माझ्या डोळ्यांवर सरकारने एवढा भरवसा कधी ठेवला होता?

मीटरवर दसऱ्याचा झेंडूचा हार तसाच होता, कुंकवाचं बोटही. पंपाला हार, कोयत्याला हार, मग मीटरने काय पाप केलंय? काशीरामने हार काढून माझ्या हातात दिला आणि वाकून मीटर बघितला. सीलची तार तुटलेली, नुसती पिळून बसवलेली. "आजी, याला हात कोण लावतं?" म्हटलं मीच. हाराचा दोरा दरवर्षी त्या तारेलाच बांधते. तो हसला. मॅडम हसली नाही. हाराने तार तुटत नाही म्हणाली. मीटर पिशवीत घातला, पिशवीला लाख लावली, मला कागद दिला. चोरी असं कुणी म्हणालं नाही. पण रस्त्यावर चार जणं उभी होती.

शुक्रवार, ६

नव्या मीटरला लाल दिवा आहे, डोळा मिचकावल्यासारखा. नातीला म्हटलं अनुष्का, मिक्सर लाव. भराभर मिचकावतो! बंद केला — सावकाश. मग पंखा, मग इस्त्री, मग दोन्ही. सून म्हणाली, "आई, बिल तुम्ही भरणार वाटतं." जुन्याची चकती इतकी वर्षं फिरत होती, मी कधी नीट बघितलीच नाही.

रविवार, ८

क्लेमेंटीनने सांगितलं, देवळापाशी बोलतात म्हणे, की यांच्या घरात वीज चोरतात. मीटर अजून ह्यांच्याच नावावर. हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. वसईच्या बाजारात ह्यांनी फणीत एक केळं कधी कमी दिलं नाही, आणि त्यांच्या नावाला हे चिकटवतात!

कागदाच्या मागे बारीक छापलंय ते अनुष्काने वाचून दाखवलं. शंका असेल तर मीटर तपासून घेता येतो. पिशवी आपल्यासमोरच फोडायची. आपण नसलो तर हात लावायचा नाही. कुणीतरी बसून किती विचार केलाय. मी लगेच अर्ज लिहायला घेतला. तीन पानं फुकट गेली.

मुलगा, हरेश्वर, म्हणाला, "कशाला अर्ज? हाराने तुटलं म्हणून सांग. तुझं ऐकतील ते." अरे, पण मॅडम म्हणाली ना तसं तुटत नाही. मग कशाने तुटलं ते कळायला नको? "तुला सगळंच कळायला हवं," म्हणाला. जेवताना बांगड्याला हात लावला नाही. पित्त असेल.

मंगळवार, १०

अर्ज दिला. क्लेमेंटीन सोबत होती, रिक्षाभर लग्नाला निघाल्यासारखी बोलत होती. दिपिका मॅडमने अर्ज उभ्याने वाचला, मग मलाच खुर्ची दिली. मी विचारलं, आत काय बघणार? तिने कागदावर चकती काढून दाखवली, दाते, आकड्यांची चाकं. घड्याळासारखंच आहे सगळं. कुणी आत काही केलं असेल तर खूण राहते म्हणाली. म्हटलं, मग आमचं काहीच निघणार नाही, तुम्ही खुशाल उघडा. शिक्का मारून प्रत दिली. देव्हाऱ्यात ठेवलीय.

बुधवार, ११

हरेश्वर आजही नीट जेवला नाही.

गुरुवार, १२

सकाळी मोगरा खुडताना हरेश्वरने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्याने एक माणूस आणला होता. सील त्या माणसाने तोडलं, चकती हळू फिरेल असं केलं. बायकोलाही माहीत नाही. "आई, अर्ज मागे घे. तुझ्या पाया पडतो." मी टोपली खाली ठेवली.

दुपारी काशीराम स्कूटरवरून सांगायला आला, मीटर उघडायचा दिवस ठरला. हरेश्वर दारात उभा, माझ्याकडे बघत. मी काशीरामला म्हटलं, तयार राहते.

शनिवारी अकरा वाजता न्यायला येणार.