दाजींपेक्षा दोन बोटं मोठी पाटी

सोमवार, ३ जून. सकाळी ९.४०. पाट्या-शिक्क्यांच्या दुकानात दंतवैद्याची पितळी पाटी घासत बसलो आहे.

रात्रभर झोप नाही. काल बाबांचा निवृत्तीचा कार्यक्रम. भाषण मी लिहिलं होतं, नऊ वेळा तपासून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी कागद मागून घेतला, वाचला, घडी करून परत दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "एकही चूक नाही. दुसरंही काही नाही."

सगळे हसले. ताईसुद्धा. सख्खी बहीण.

दाजींच्या दारावर "एम.ए. (लेखन)" अशी पाटी आहे. ती लग्नात भेट म्हणून मीच कोरली. कंससुद्धा माझे.

ठराव: त्याच विषयात पदवी घ्यायची. मग कादंबरी लिहायची आणि तिच्यात दाजींना मारायचं. ताई विधवा होऊ नये म्हणून त्यांना पहिल्या पानापासून अविवाहित दाखवायचं.

सूड घ्यायचा असला तरी दाजींना अरे-तुरे करणार नाही. संस्कार आहेत.

गुरुवार, ६ जून.

तीन कॉलेजांची माहितीपत्रकं आणली. स्वस्त, मध्यम, महाग. तक्ता आखला, अकरा रकाने. फी, परीक्षा फी, वाचनालयाची अनामत, बसभाडं, आणि शेवटी "पुढे काय झालं".

कॉलेज पहिल्या वर्षाला सोडलं होतं. तेव्हा दुष्मन नव्हता, म्हणून अभ्यासात मन लागलं नाही.

संध्याकाळी मालकांनी जवळ बसवलं. म्हणाले, आता डोळ्यांना शिक्क्यांची अक्षरं दिसत नाहीत, दुकानात अर्धी भागीदारी देतो, महिनाअखेर पन्नास हजार आण. माझ्याकडे एकसष्ट आहेत, आठ वर्षांची बचत. विचार करून सांगतो म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पदव्या कोरायच्या का?

सोमवार, १० जून.

माहितीपत्रकांतल्या माजी विद्यार्थ्यांना फोन केले. पाहणी करतोय असं सांगितलं.

स्वस्त कॉलेजवाला पाण्याचे फिल्टर विकतो. तुमच्याकडे पाणी जड आहे का, असं त्यानेच मला विचारलं. पाहणी त्याची झाली.

मध्यमवाल्या बाईंची दोन पुस्तकं आहेत. नोकरी बँकेत. लेखनाच्या कोर्ससाठी कर्ज हवं असेल तर सांगा, म्हणाल्या. तुमच्यासारखे बरेच येतात, असंही म्हणाल्या.

महागवाल्या दोघांनी "कशाला विचारताय" एवढंच म्हणून फोन ठेवला.

निष्कर्ष: या लोकांकडे कला असेल, पण राग नव्हता.

शुक्रवार, १४ जून.

महाग कॉलेजात जाऊन आलो. भिंतीवर "९२ टक्के विद्यार्थी यशस्वी" असं लिहिलंय. हे कसं मोजलं म्हणून कार्यालयातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाळा, यशस्वी झालात का असं पत्र सगळ्यांना पाठवतो. ज्यांचं उत्तर येतं त्यांच्यातले ब्याण्णव टक्के हो म्हणतात. आणि ज्यांचं येत नाही, मी विचारलं. म्हणाल्या, ते मोठे झाले, त्यांना वेळ नसतो.

पटलं.

तेवढ्यात फलकावर दाजींचा फोटो दिसला. खाली "व्यावसायिक लेखनात कार्यरत". हनुवटीखाली हात. तक्ता घडी करून खिशात टाकला आणि जागा राखून ठेवायचे पंचेचाळीस हजार तिथेच भरले. पावतीवर "रक्कम परत मिळणार नाही" असं छापलंय. दोनदा वाचलं. शुद्धलेखन अचूक आहे.

रविवार, १६ जून.

ताई आणि दाजी जेवायला. मी गुपित राखलं. दाजी फारसे जेवले नाहीत. घाबरले असावेत. हल्ली ते दिवसभर घरीच असतात म्हणे. मोठ्या लेखकांना ऑफिस लागत नाही.

ताईने स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, तुझे मालक भागीदार शोधतायत ना, किती मागतात, तू घेतोयस का? मी नाही म्हटलं. मग तिला सगळं समजावलं: पैसे किती, कागद कुठले, पहिल्या सहा महिन्यांत काय सुटतं. तिने दोनदा विचारलं, नक्की नाही ना घेत? तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. भांडी घासताना काढून ठेवल्या असतील.

मंगळवार, १८ जून.

माझी पाटी कोरून झाली. पितळी, दाजींच्या पाटीपेक्षा दोन बोटं मोठी. "एम.ए. (लेखन), प्रथम श्रेणी". बी.ए. वाटेत होईलच. किंमत २,८००, पगारातून कापायची. मालक चष्मा वर करून म्हणाले, "अरे, बाळ जन्मायच्या आधी त्याची मुंज ठरवतोस का?" अशिक्षित माणूस.

बुधवार, २६ जून.

मालकांना सांगितलं, भागीदारी नको, माझा मार्ग वेगळा आहे. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. ते म्हणाले बरं झालं स्पष्ट बोललास, दुसरा एक तयार आहे, चांगला शिकलेला. मला त्या शिकलेल्या माणसाची कीव आली.

शनिवार, २९ जून.

पहिला हप्ता पाच तारखेला. सत्तर हजार. हा रकाना तक्त्यात होता, पण घडीत गेला होता. मालकांकडे उचल मागितली. म्हणाले, सोमवारपासून नव्या भागीदाराला विचार.

सोमवार, १ जुलै. रात्री.

नवे भागीदार दाजी आहेत.

त्यांची कंपनी मार्चमध्येच बंद पडली. कोर्सचं कर्ज अजून चार वर्षं फेडायचंय. बांगड्या विकल्या. हे सगळं त्यांनी मालकांच्या खुर्चीत बसून, खाली बघत सांगितलं. उचल मागितली, तर रिकामा गल्ला उघडून दाखवला.

दुपारी त्यांनी पहिला शिक्का कोरला. अक्षरं सुलटी कोरली, त्यामुळे कागदावर सगळं उलटं उमटलं. गिऱ्हाईक समोर उभं. त्यांना सगळ्यांसमोर परत करायला महिनाभर घोकलेलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण ताईने दोघांचा मिळून एकच डबा पाठवला होता. जेवणाच्या सुट्टीत मी शिक्का नव्याने करून दिला.

नंतर त्यांना खणात माझी पाटी सापडली. उजेडात धरून बराच वेळ बघितली.

"एकही चूक नाही," म्हणाले.

पुढचं वाक्य बोलले नाहीत. मी दुकान बंद होईपर्यंत वाट पाहिली.

हिशेब:
तीन माहितीपत्रकं १,५००
फोन २४०
बसभाडं ३८०
कॉलेजची जागा ४५,०००
पाटी २,८०० (हे दुकानाला, म्हणजे दाजींना, देणं. महिना दोनशेप्रमाणे कापणार आहेत.)
एकूण ४९,९२०.

भागीदारीला पन्नास हजार लागले असते. ऐंशी वाचले.