कॅमेऱ्यासमोरचा विद्यार्थी

३ मार्च
टेलिव्हिजनच्या कोर्सची खरी किंमत: रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाच्या किल्ल्या (मेहुण्याकडे), बायकोचा अबोला (नऊ दिवस), सासऱ्यांचा कोट (काखेत घट्ट). स्वस्तात पडलं. शेवटी परीक्षा; पहिल्या तिघांना कॅमेरामनची पक्की नोकरी. उरलेले दोघं कोण, एवढंच बघायचं. मेहुण्याला म्हटलं, दुकान कायमचं तुझं. तो म्हणाला, दाजी, लेखी द्या. दिलं.

९ मार्च
आम्ही बाराजण, कॅमेरे दोन. लाइटिंग शिकायला समोर कुणीतरी बसायला हवं. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला उचललं. खुर्चीभोवती खडूने चौकोन आखला. म्हणाले, याच्या बाहेर पाय नको. चेहऱ्यात काहीतरी असल्याशिवाय कुणी एवढी काळजी घेत नाही.

२८ मार्च
रोज मीच. डोक्यावर चार दिवे, नुसती भट्टी. नाकावर माशी बसली, हाकलली नाही. सर म्हणाले, वा, दगड आहे दगड! बाकी अकराजणांपैकी एकाच्याही वाट्याला असं कौतुक आलेलं नाही. उद्या मात्र कॅमेरा मागायचाच.

२९ मार्च
मागितला नाही. हात वर केला तर सर ओरडले, सावली पडतेय!

२० एप्रिल
वर्गातली एकुलती एक मुलगी, सगळे तिला ताई म्हणतात. हळूच म्हणाली, दादा, एकदा तरी कॅमेरा हातात घ्या, परीक्षा खुर्चीची नाही. हसलो. जळतात माणसं. शिवाय दीड महिना तो कॅमेरा समोरून बघतोय. मागून काय वेगळा असणार?

१२ मे
संस्थेच्या पुस्तिकेसाठी फोटोग्राफर आला. कुणी कॅमेऱ्याला लटकलं, कुणी माइकच्या दांडीला. मी जागेवर, बरोब्बर मध्ये. घरी सांगितलं, कोर्स म्हटलं की लोकांना माझाच चेहरा आठवणार. बायको म्हणाली, आठवू दे. माझ्या भावाने दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी लावलीय.

१३ मे, सकाळी
दुकानात डोकावलो. मेहुण्याने चहा दिला. गिऱ्हाइकाला देतात तसा, बसा म्हणून. परतीचा दोर मीच कापलाय. कोर्स सोडता येत नाही, खुर्चीतून उठता येत नाही. ठरलं: उद्यापासून सहालाच जाऊन कॅमेरा शिकायचा.

१४ मे
सहाला गेलो. कुलूप. पहारेकरी म्हणाला, नऊला उघडतं हो, रोज येता ना तुम्ही?

१५ मे
आजपासून नऊलाच जाणार. झोपही महत्त्वाची.

३० जून
परीक्षा. माझं नाव पुकारलं. छाती काढून गेलो आणि खुर्चीत बसलो. चौकोनाच्या आत, हनुवटी वर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हातातला कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, उठा, कॅमेरा तिकडे आहे. माझ्या जागी ताई बसली. कॅमेरा मागून अजिबात तसा नसतो. फोकस करा, म्हणाले. तीन मुठी दिसल्या, तिन्ही फिरवल्या. पडद्यावर ताईचं धुकं झालं. मी तिलाच दरडावलं, हलू नकोस.

४ जुलै
यादी लागली. ताई पहिली. तिघांत मी नाही. दहांतही नाही. पुढे यादीच नव्हती.

८ जुलै
दुकानात कामाला लागलो. मेहुण्याने मागचा बाक दिला. म्हणाला, दाजी, गिऱ्हाईक आलं की मी बोलेन, तुम्ही फक्त बसा.

१९ जुलै
पुस्तिका आली. पानभर फोटो, अकराजण कामात गर्क. खुर्चीपुढे दोन नंबरचा कॅमेरा आलाय. माझा डावा बूट दिसतो.