रोलमधला बारावा फोटो

उस्ताद, काल औशाच्या पुढे माळावर फोटो काढून आलो. त्यात जमीन किती धरली म्हणून सांगू, जेमतेम दोन बोटं. उरलेलं सगळं आभाळ. तुम्ही असता तर कॅमेराच हातातून काढून घेतला असता. पण क्लासवाल्याने तसंच बजावलं होतं, की सर, वरती जागा भरपूर सोडा, यंदा पोरं जास्त लागलीत. लागलीत म्हणजे मेडिकलला. माझ्या आभाळात आता त्या पोरांचे चेहरे ओळीने चिकटवतील, खाली मार्क लिहितील, आणि रिंग रोडवर तो फ्लेक्स पुढच्या निकालापर्यंत फडफडत राहील. लातुरात असे माझे कितीतरी फोटो उभे आहेत. खालून ऑटो जातात, नांदेड-परभणीहून आलेली पोरं पाठीवर दप्तर टाकून जातात, आणि मागचा डोंगर कुठला, माळ कुठला हे कुणी बघत नाही. बघावं असं मी त्यात काही ठेवलेलंही नाही. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होत आली. तुम्हाला सांगायची एक गोष्ट तेव्हाच राहून गेली होती, ती काल मी आणखी बिघडवून आलो. म्हणून लिहायला बसलो आहे.

हदगावहून तुमच्याकडे आलो तेव्हा मी पंचविशीचा होतो. घरच्या कापसाला मोठा भाऊ पुरेसा होता आणि मला फोटोचं वेड होतं. लातुरात गोलाईच्या बाजारामागच्या तुमच्या स्टुडिओत तळ्याचा पडदा होता, नारळाची झाडं आणि दोन हंस असलेला. अख्ख्या आयुष्यात ज्यांनी हंस पाहिला नाही ती माणसं त्या हंसांसमोर ताठ उभी राहून फोटो काढून घेत. मला त्याचं हसू यायचं. मला खरी जमीन, खरं आभाळ काढायचं होतं. तुम्ही हसला नाहीत. शुक्रवारी स्टुडिओ बंद असायचा, नमाज आटोपली की मला स्कूटरवर मागे बसवून तुम्ही माळावर न्यायचात. दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा तो कॅमेरा माझ्या गळ्यात, आणि तुम्ही मागे उभे. "जिमीन जास्त धर बाबा. आभाळ काय, कुटंबी सारखंच हाय." मी जमीन जास्त धरायचो. मग तुम्ही म्हणायचात, "अन् आता थांब. कुणीतरी येऊ दे." त्या माळावर कोण येणार? आपण तासतास उभे. शेवटी एखादी बाई गवताचा भारा घेऊन लांबून यायची, आणि तुम्ही म्हणायचात, हां, आता दाब. मला ते मुळीच पटायचं नाही. मला वाटायचं, म्हातारा आयुष्यभर लग्नाचे फोटो काढून बिघडला आहे, माणसाशिवाय याला काही दिसतच नाही.

तुमची आणखी एक शिस्त होती. निगेटिव्ह फेकायची नाही. कुणाचे डोळे मिटलेले असोत, कुणी हललेलं असो, पट्टी कापायची, पतंगी कागदाच्या पाकिटात घालायची आणि वर गाव लिहायचं. स्टुडिओला लागूनच तुमचं घर, तिथल्या स्वयंपाकघराच्या मोरीत आपण प्रिंट धुवायचो, कारण नळ तिथेच होता, आणि पाणी आठवड्यातून एकदा यायचं म्हणून चाचींचा जीव वर-खाली व्हायचा. चुलीच्या वरच्या दोरीला ओल्या निगेटिव्ह आणि शेजारी चाचींची ओढणी. खिचडी आणि चिंचेच्या खट्ट्याचं ताट पुढे सरकवत त्या म्हणायच्या, "आधी खाऊन घे रे. तुझे डोंगर कुठं पळून चालले का?" त्या घरात मी सात वर्षं जेवलो. त्याच मोरीशेजारी मी ते काम केलं.

भूकंपाच्या आधीचा हिवाळा होता. मुंबईच्या एका स्पर्धेसाठी मला एक गल्ली हवी होती, आणि ती तेरणेच्या बाजूच्या एका गावात सापडली. दगड-मातीच्या जाड भिंती, सकाळचं तिरकं ऊन, गल्लीच्या टोकाला शेतं चढत चढत वर गेलेली. मी तीन रोल घेऊन एकटाच गेलो होतो आणि सकाळभर लोकांना बाजूला करत होतो. मावशी, जरा आत व्हा. बाबा, तेवढी बाज उचला. लोकही किती गुणाचे, दारं लोटून आत उभे राहिले. कोपऱ्यावर ओसरीत मशीन घेऊन बसणारा एक टेलर होता, माझ्याच वयाचा, तोच सगळ्यांना दटावत होता. "सरका रं, सायबाला फोटू काढू द्या." त्याची सहा-सात वर्षांची पोरगी तेवढी ऐकत नव्हती. तिसऱ्या रोलचा अकरावा फोटो काढला तेव्हा गल्ली स्वच्छ होती, एक कोंबडीसुद्धा नव्हती. खात्रीसाठी बारावा काढायला वाकलो आणि बटण दाबताना ती डाव्या ओसरीतून मध्ये पळत आली. शेवटचा फोटो. मी तिच्यावर चांगलाच खेकसलो. टेलर ओशाळला. थोड्या वेळाने म्हणाला, "सायेब, एक आमचाबी काढा की." मी म्हणालो, रोल संपला, पुढच्या खेपेला. ते खोटं नव्हतं.

खोटं त्यानंतर सुरू झालं. संध्याकाळी रोल धुतला, दोरीला लावला, आणि ओल्या फिल्ममधला तो बारावा चौकोन पाहताच मला कळलं की तुम्ही हाच उचलणार. अकरावा बाजूला ठेवून म्हणणार, हा पाठव. तुमच्यासमोर मला नाही म्हणता आलं नसतं. तुम्ही गोलाईत चहा घ्यायला गेला होतात. मी कात्रीने तो चौकोन कापला, चुरगळला आणि चुलीत टाकला. आक्रसला आणि वितळून गेला. तुम्ही आल्यावर पट्ट्या मोजल्यात आणि विचारलंत, "बारावा कुठंय?" मी म्हणालो, लाइट लागला. रोल काढताना शेवटच्या फोटोत उजेड शिरतो, नवशिक्याचं होतं असं. "लागला तरी ठेवायचा व्हता," एवढंच म्हणालात. अकराव्याला स्पर्धेत दुसरं बक्षीस आलं. चाचींनी पाव तळून डबल का मीठा केला आणि तुम्ही निगेटिव्ह बघायचं तुमचं भिंग मला दिलंत, तुमच्या उस्तादांकडून आलेलं. मी ते घेतलं, उस्ताद. दोन्ही हातांनी घेतलं.

मग ते झालं. ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको आणि ज्याने नाही पाहिलं त्याला सांगून उपयोग नाही. आठवड्याभरात स्टुडिओसमोर माणसं बसू लागली. घर गेलेलं, माणसं गेलेली, आणि कुणाच्या तरी लग्नात या स्टुडिओत फोटो काढला होता एवढी एक आठवण हातात. तुम्ही पाकिटं काढलीत. गावाच्या नावाने लावलेली, तीस वर्षांची. मी छापत होतो, तुम्ही शोधत होता, चाची शेजारून कळशा मागून आणत होत्या. एका म्हाताऱ्याच्या मुलाचा फोटो सापडला तो डोळे मिटलेला, आधी नापास केलेला. तुम्ही तोच मोठा करून दिलात. "डोळे मिटलेत, पण हाय तर त्योच," म्हणालात, आणि म्हाताऱ्याने तो डोक्याला लावला. पडद्यातल्या त्या हंसांना मी त्यानंतर कधी हसलो नाही.

माणसं येऊ लागल्याच्या पाचव्या की सहाव्या दिवशी टेलर आला. बायको सोलापूरला दवाखान्यात होती, पोरगी गेली होती. त्याने मला लगेच ओळखलं. "सायेब, आमच्या गल्लीत आला व्हता न्हवं तुम्ही. माझी पोरगी मधी पळाली व्हती, तुम्ही रागावला व्हता. त्यो फोटू असंल बघा. तिचा दुसरा न्हाई." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणालो, त्याला लाइट लागला होता. तुम्ही म्हणालात, "ते भिंग दे." दुपारभर तुम्ही छत्तीसातल्या उरलेल्या पस्तीस निगेटिव्ह एकेक करून पाहिल्यात, कुठे एखाद्या दारात, खिडकीत, भिंतीच्या सावलीत ती सापडते का म्हणून. एकाही फोटोत एकही माणूस नव्हता. मी काम चोख केलं होतं. शेवटी तुम्ही अकरावा छापून टेलरला दिलात. त्याने तो हातात धरला आणि डाव्या कडेवर बोट ठेवून म्हणाला, "ही ओसरी. हितनं पळत आली व्हती."

त्यानंतर माझे फोटो बदलले असं लोक म्हणतात. आधी मला क्षितिजच धरवेना. मी कॅमेरा खाली वळवला, नुसती जमीन काढू लागलो, भेगा, ढेकळं, कापणीनंतरची सोयाबीनची खुंटं. मग उलटं सुरू झालं. कुणालाही बाजूला व्हा म्हणायची हिंमत होईना, जो मध्ये येईल त्याला येऊ दिलं. नांदेडला गोदावरीच्या घाटावर काढलेल्या एकाच फोटोत चाळीसेक माणसं होती. प्रदर्शनही तिथेच भरलं. पेपरात छापून आलं की या छायाचित्रकाराच्या निसर्गात आता माणसाबद्दलची करुणा आली आहे. मी ते कात्रण बरेच दिवस पाकिटात बाळगलं, कारण कौतुक कुणाला नको असतं, आणि एकांतात वाचताना करुणा या शब्दावर अंगठा ठेवायचो. तुम्ही प्रदर्शनाला एसटीने आला होतात, गुडघे दुखत असताना. सगळे फोटो पाहून झाल्यावर बाकावर बसलात आणि म्हणालात, "तू माणसं काढून न्हाई राहिला बाबा. मोजून राहिला." मला तेव्हा राग आला होता. सांगायचं असतं तर तीच वेळ होती. बाकावर आपण दोघंच होतो. मी चहा आणायला गेलो.

पुढे तुम्ही गेलात, चाची गेल्या, स्टुडिओच्या जागी अभ्यासिका झाली. रोल संपले, कॉम्प्युटर आला, लातुरात पोरांची रीघ लागली आणि क्लासवाल्यांना मागे लावायला डोंगर हवे झाले. मी दिले. दरवर्षी आभाळ वाढत गेलं. आता माणसांना बाजूला करायलाही लागत नाही. परवा फ्लेक्सच्या दुकानात माझ्या फोटोत एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन चाललेली होती. ऑपरेटरने विचारलं, "सर, ही काढू ना?" आणि माझं उत्तर यायच्या आत तिथे गवत आलं. वळसा घालून मी होतो तिथेच येऊन उभा आहे, फक्त आता बक्षीस नाही आणि मनात इच्छाही नाही. वाईट वाटायला हवं तेवढंही वाटत नाही, हे सगळ्यात वाईट.

काल त्या माळावरून परतताना भूकंपानंतर वसवलेलं नवं गावठाण लागलं. सरळ रस्ते, सारखी घरं. एका दारात मशीन दिसलं आणि मशीनवर तोच. केस पांढरे, पण मान तशीच वाकवून टाका घालणारा. त्यानेच हाक मारली. आत नेलं, पाणी दिलं, बायकोला म्हणाला, "हेच ते फोटूवाले सायेब." भिंतीवर माझा अकरावा फोटो होता. हार घातलेला. रिकाम्या गल्लीला हार, उस्ताद, आणि काचेवर अगदी डाव्या कडेला, ओसरीपाशी, कुंकवाचा टिळा. रोज लावत असणार, खाली काचेवर लाल ओघळ होता. बायको त्याच्याकडे बघत म्हणाली, "हितनंच पळत आली व्हती म्हनं." ती त्या दिवशी रानात गेली होती, तिने ते पाहिलंच नव्हतं. सगळं त्याने सांगितलेलं.

मग तो म्हणाला, "सायेब, एक इचारू? लाइट लागला म्हंजी कायच दिसत नव्हतं का? जराबी?" दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगायची ही चौथी वेळ, आणि शेवटचीच. मी म्हणालो, दिसत होतं थोडं. पोरगी हसत होती. त्याने बायकोकडे पाहिलं. "डोळं उघडं व्हतं का? तिला उन्हात डोळं मिटून पळायची खोड व्हती." मी म्हणालो, उघडे होते. बाई पदर तोंडाला लावून आत गेली आणि तो माझा हात धरून कितीतरी वेळ बसून राहिला. निघताना म्हणाला, लाइट लागला त्याला तुम्ही तरी काय करनार.

तुमची पाकिटं माझ्याकडेच आहेत. त्या गावाचं पाकीट काढून समोर ठेवलं आहे, पस्तीसच आहेत. हा कागद घडी करून त्यातच घालून ठेवतो. तुमचं भिंगही इथेच आहे. रोल धुतला त्या संध्याकाळी ते स्टुडिओत टेबलावर होतं, मोरीपासून चार पावलांवर. मी ते आणायला गेलो नाही. ओल्या फिल्मवर मला फक्त तिची आकृती दिसली, एक पाय उचललेला, निगेटिव्हमध्ये असतो तसा काळा चेहरा, आणि मी कात्री शोधली. ती हसत होती की नाही, डोळे उघडे होते की मिटलेले, मी पाहिलंच नाही.