हीट शील्ड: एक अनावश्यक पत्रा

३ तारीख, सोमवार
आज माझ्या गाडीने मला चारचौघांत मान खाली घालायला लावली. सिग्नलला थांबलो की बॉनेटखालून डब्यात चमचे हलवल्यासारखी खडखड. शेजारच्या स्कूटरवाल्याने वाकून पाहिलं. या वयात हे दिवस.
मेकॅनिक म्हणतो, इंजिनाचा तापलेला धूर ज्या नळ्यांतून निघतो, त्यांच्यावरची हीट शील्ड सैल झालीय. एक बोल्ट बदलावा लागेल. लागणारच. गिऱ्हाईक तावडीत सापडलंय.

४, मंगळवार
संशोधन केलं. (दोन व्हिडिओ. दुसरा अर्धा.) निष्कर्ष: हीट शील्ड म्हणजे नुसता पत्रा. गाडी इंजिनावर चालते, पत्र्यावर नाही. बायको म्हणाली, बनवणाऱ्यांनी काही विचार करूनच लावला असेल. शिकाऊ लायसन्सवाल्यांशी मी वाद घालत नाही. शिवाय शुक्रवारी तिची टेस्ट. पास झाली तर नवी नोकरी. ऑफिस गावाबाहेर, तिकडे बस नाही. म्हणून सोडून दिलं.

५, बुधवार
पत्रा काढला. बोटं भाजली. गाडी मात्र मांजरासारखी शांत.
संध्याकाळी हिची प्रॅक्टिस. जळका वास. क्लचवर पाय ठेवून चालवतेस, म्हटलं. नाही म्हणाली. पुन्हा समजावलं.

६, गुरुवार
वास वाढला. क्लच काही सुधारत नाही. चौकात गाडी सारखी बंद पाडली, मग स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. टेस्ट पुढे ढकलू या का, विचारत होती. मी धीर दिला: सगळ्यांनाच जमतं असं नाही.

७, शुक्रवार
टेस्टला निघालो. पुलावर गाडी बंद. बॉनेट उघडलं. पत्रा होता त्याच्या शेजारची वायर वितळून च्युइंगमसारखी लोंबत होती.
स्टिअरिंगला अनुभव लागतो, म्हणून मी आत बसलो. ढकललं हिने. त्यात सँडलचा पट्टा तुटला. दोन्ही सँडल मागच्या सीटवर टाकून, टॅक्सीला हात करून अनवाणीच गेली.
दुपारी आली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर टेस्ट दिली. पास. चहा घेताना एवढंच म्हणाली, "अहो, त्या गाडीत वास आला नाही."
मी पेपर वाचत होतो.

८, शनिवार
गाडी गॅरेजला. पत्रा परत बसवायला सांगितला. वायर जुनीच होती, हेही सांगितलं. मेकॅनिक हो म्हणाला, जरा लवकरच.
येताना वाकडी वाट करून सँडल शिवून आणल्या. न तुटलेल्या पट्ट्यालाही टाके घालून घेतले. दाराशी जोडीने ठेवल्या, तोंडं बाहेर. सोमवारी तिला लवकर निघायचंय.